साळूची रिकामी खोली

मुलांनो, सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक साळू एकटीच राहत असे. तिचा साळिंदर गेल्या उन्हाळ्यात वारला होता आणि लेक धरणापलीकडच्या रानात नांदायला गेली होती. बीळ चांगले दोन खोल्यांचे. एकीत साळू झोपे, दुसरीत साळिंदराचा पाचोळ्याचा बिछाना तसाच पसरलेला असे. एकदा भिजलेल्या सशाने आसरा मागितला, तेव्हाही "जागा नाही" म्हणून तिने त्याला दारातूनच परत पाठवले. साळू मनाने वाईट नव्हती, पण त्या बिछान्याला दुसऱ्या कोणाचे अंग लागलेले तिला सोसले नसते.

बिळाजवळ माणसे सोडून गेलेली एक चौकी होती आणि चौकीत एक जुना कॉम्प्युटर होता. छपरावरच्या सौरपाटीवर तो अजून चाले. साळिंदराने त्यात आपला आवाज भरून ठेवला होता. गाणे वगैरे काही नाही, नुसती बडबड. कंद कडू निघाला, ओढ्याला पाणी वाढले, असलेच सगळे. साळू रोज संध्याकाळी ती बडबड ऐके, मध्येच उत्तरही देई, आणि कॉम्प्युटरला झोपवून घरी येई. पुरता बंद मात्र तिने तो कधीच केला नाही. शेवटच्या दिवशी साळिंदराने पडद्यावर जी खिडकी उघडी ठेवली होती, ती अजून तशीच उघडी होती.

एक दिवस कावळ्याने चोचीतून पेनड्राइव्ह आणला आणि लेकीचा निरोप सांगितला. आईच्या कॉम्प्युटरची सिस्टीम फार जुनी, तिच्यावर लेकीचा आवाज पोचत नव्हता. पेनड्राइव्हमधली ही नवी घातली की मायलेकींना रोज बोलता येणार होते. साळूला कोण आनंद झाला. पण साळिंदराची बडबड जुन्या सिस्टीमवरच उघडे, म्हणून तिने दोन्ही एकाच डिस्कवर शेजारी शेजारी ठेवायचे ठरवले. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर जागा केला, तर पडद्यावर अक्षरे आली, 'मोकळी जागा नाही'. साळूने डिस्क उघडून पाहिली. अर्धी रिकामी होती. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिले, आणि दर वेळी तेच उत्तर आले.

चौकीच्या खिडकीतून मुंगूस हे पाहत होता. त्याला कुठल्याच कामात दम धरवत नसे. "मावशी, यंत्राशी काय वाद घालतेस? 'सगळे पुसून नवे बसवा' असं लिहिलंय ना खाली, ते दाब. चुटकीसरशी काम होईल."

साळूचा पंजा बटणापर्यंत गेलासुद्धा. मग तिने विचारले, "सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे."

साळूच्या अंगावर काटा आला, म्हणजे होता तो उभा राहिला. तिने पंजा मागे घेतला. मुंगूस कंटाळून निघून गेला आणि ती त्या चौकीत एकटी बसून राहिली. लेकीचा आवाज मिळत नव्हता, आणि साळिंदराचा ऐकायची त्या दिवशी छाती होईना. इतके एकटे तिला तो गेला त्या दिवशीही वाटले नव्हते.

चौकीच्या पायरीवर एक कासव ऊन खायला येत असे. ते सावकाश आत आले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "साळूताई, रिकामी वेगळी आणि मोकळी वेगळी. तुझ्या दुसऱ्या खोलीत कोणी राहत नाही, पण ससा तिथे शिरू शकला का?"

कासवाने मग समजावले की अख्खी डिस्क जुन्या सिस्टीमच्या ताब्यात आहे, तिच्यातली रिकामी जागासुद्धा. त्या सिस्टीमने आपली हद्द आवरून घेतली, तर उरलेला तुकडा मोकळा होईल. साळूने तसे करून पाहिले, पण हद्द तसूभर हलेना. कासवाने पुन्हा वेळ घेतला आणि शेवटी कारण सापडले. कॉम्प्युटर झोपताना आपल्या ध्यानात असलेले सगळे डिस्कवर उतरवून ठेवत होता, आणि ते नेमके हद्दीपाशी अडून बसले होते. झोपायची ही सवय मोडून त्याला एकदा पुरता बंद करणे भाग होते. आवाजाला धक्का लागणार नव्हता, शिवाय कासवाने त्याची एक नक्कल आधी बाजूला काढून ठेवायला लावली. ती उघडी खिडकी मात्र मिटणार होती.

"म्हणजे तो पुन्हा गेल्यासारखंच झालं," साळू म्हणाली.

"तो गेलाच आहे, ताई," कासव म्हणाले. "आवाज आहे, तो राहील."

साळू पोटभर रडली. मग तिने आपल्या पंज्याने ती खिडकी मिटली आणि कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला, आणि चौकीत त्याच्या पंख्याची घरघरही उरली नाही. थोड्या वेळाने तिने तो पुन्हा सुरू केला आणि आधी साळिंदराचा आवाज लावला. कंद कडू निघाला होता. तिचा जीव भांड्यात पडला. आता हद्दही मुकाट्याने मागे सरकली आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यात नवी सिस्टीम बसली.

त्याच संध्याकाळी लेकीचा आवाज आला. ख्यालीखुशाली झाली, आणि लेकीने जरा चाचरतच विचारले, "आई, थोडे दिवस तुझ्याकडे यावं म्हणते. जागा आहे का गं?"

'रिकामीच आहे की' हे शब्द साळूच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले. "ये," ती म्हणाली, "आज मोकळी करते."

घरी येऊन तिने दुसऱ्या खोलीतला जुना पाचोळा थोडा थोडा करून बाहेर काढला. एक पान मात्र तिने आपल्या उशाशी ठेवले.

तात्पर्य : जागा नुसती रिकामी असून भागत नाही, कोणाला आत घ्यायचे तर ती आपल्या हाताने मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी जुने सगळे पुसावे लागत नाही.