पेल्याचा कौल

“...आणि नाहीच सुटला, तर?” माईंनी विचारलं.

“तर महाराजांची इच्छा नाही, असं समजेन. आल्या पावली परत जाईन.”

कुमुदनं पिशवीतून पेला काढून दत्ताच्या मठाच्या ओसरीवर ठेवला. स्टीलचा पेला, आणि त्याच्या आत गच्च रुतून बसलेला चांदीचा इवलासा पेला.

तो शर्वरीचा. कुमुदच्या लेकीचा. लेक मनाविरुद्ध लग्न करून गेली, त्या दिवशी कुमुदनं तो हाती लागेल त्या भांड्यात कोंबून कपाटाच्या तळाशी टाकून दिला होता. तेव्हापासून माय-लेकींचं बोलणं नाही. आणि काल अचानक निरोप आला : ‘आई, परवा बाळाचं उष्टावण आहे. यायचं असेल तर ये.’

“यायचं असेल तर, म्हणे! पोरीनं आधी येऊन पाया पडायला नको का, माई? म्हणून म्हटलं, महाराजांनाच कौल लावू. इथं त्यांच्यासमोर पेला सुटला, तर दुपारची एसटी धरीन. बाळाच्या हातात देईन. नाही तर नाही.”

“बरं,” माई म्हणाल्या आणि परातीतल्या शेंगा सोलू लागल्या.

मठाची झाडलोट, दिवाबत्ती बघणारी ही म्हातारी. गावच्या बायका तिला गुरू मानत. माई मात्र कुणाला मंत्र देत नसत. फार तर काम देत.

कुमुदनं पदर खोचला. हाती घेतलं ते तडीस न्यायचं, अशी तिची ख्यातीच होती. सोळा सोमवार काय नि चातुर्मासाचे नेम काय, एकही कधी मोडला नव्हता. तिनं पेला ओढून पाहिला. पिळून पाहिला. कडेनं खोबरेल सोडलं. शेवटी फरशीवर आपटला, तसा बाहेरच्याला पोचा आला.

“त्याला गं का मारतेस? त्यानं कुठं लग्न केलंय?”

कुमुदला हसू आलं नाही. ती तरातरा उठली. चुलीवर आंघोळीचं पाणी कढत होतं, त्यातलं तांब्याभर आणून तिनं चांदीच्या पेल्यात ओतलं आणि पुन्हा जोर लावला. बोटं पोळली. पेला हलेना.

“बघा! आणखीच घट्ट बसला. झाला कौल.”

आवाजात हळहळ कमी आणि सुटकाच जास्त होती.

माईंचे हात थांबले.

“कुमुद, इतकी वर्षं संसार केलास. भांड्यात भांडं अडकलं की कढत पाणी कुठं ओततेस?”

“कुठं म्हणजे?”

“घरी गं. घरी कुठं ओततेस?”

कुमुद पेल्याकडे बघत राहिली. गल्लीतल्या नव्या सुनांना ही युक्ती तिनंच तर शिकवली होती.

“बाहेरच्यावर,” ती पुटपुटली. “आणि आतल्यात गार.”

“हं.”

“आत्ता लक्षात नाही आलं, माई.”

“नाही आलं?”

गाभाऱ्यात समईची वात तडतडली. कुमुदची मान खाली गेली.

“...आलं होतं.”

माईंनी शेंगा पदरात घेतल्या आणि रिकामी परात तिच्यापुढं सरकवली.

कुमुदनं कढत पाणी परातीत ओतलं. त्यात बाहेरचा पेला धरला. माठातलं गार पाणी आणून आतल्या पेल्यात सोडलं. या वेळी तिनं जोर लावला नाही, की गाभाऱ्याकडेही पाहिलं नाही. नुसती काठ धरून बसून राहिली. मग दोन बोटांनी हलकेच फिरवलं.

टक्...

चांदीचा पेला अलगद हातात आला. काठावर शर्वरीच्या पहिल्या दातांच्या खुणा तशाच होत्या.

कुमुदनं त्यांवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले.

“माई! सुटला हो! महाराजांनी कौल दिलाच ना? हा कौलच ना?”

माई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या होत्या.

“अगं, पेला आहे तो. त्यात दूध घालतात.”