गोठ्यावरचे भोपळे

एकट्या कोंडाबाईचं घर भाजी विकून चालायचं. यंदा तिच्या परसातला भोपळ्याचा वेल कुंपण ओलांडून शेजारच्या सरपंचांच्या गोठ्यावर चढला आणि तिथंच लगडला. ती भोपळे उतरवायला गेली, तर सरपंच गुरगुरले, “माझ्या छपरावर धरलेलं फळ माझं!”

गोठ्यातले गडी काम थांबवून बघू लागले. कोंडाबाईनं पदर सावरला. “बरं. सूनबाई माहेरी बाळंत झाली म्हणे?”

“झाली की!” सरपंच खुलले. “नातू झाला मला.”

“तुम्हाला कसा? जन्मला तर व्याह्यांच्या छपराखाली. मग तो त्यांचाच की!”

गडी तोंड फिरवून हसले. सरपंच आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. स्वतः शिडी लावून त्यांनी सगळे भोपळे तिच्या अंगणात नेऊन ठेवले.

“नातू घरी आला की बघायला या,” एवढंच म्हणाले.