सात जणींचं पान

फार जुन्या काळी, नद्यांना अजून आपला काठ ठरवता आला नव्हता तेव्हा, एका बेटावर मुंग्यांचं वारूळ होतं. लहानांनो, आणि लहानांना गप्प बसवणाऱ्या मोठ्यांनो, ही त्यांची गोष्ट.

एका सकाळी पाणी चढू लागलं. पिंपळाची शेकडो पानं काठाला लावलेली होती. पण वारुळाचा नियम होता, प्रत्येक पानावर सारख्याच संख्येने मुंग्या बसायच्या. पूर्वी एकदा जास्त भाराने पान उलटलं होतं, तेव्हापासूनचा.

मोजणी झाली. दहा हजार सात.

थोरल्या मुंगीने दोनाने भागलं, एक उरली. तीनाने भागलं, दोन उरल्या. साताने चार. तोवर पाणी वारुळाच्या पायाशी आलं. पाण्यावर नजर ठेवायला सात मुंग्या खालच्या दगडावर उभ्या होत्या. त्यांतली एक वारुळातल्या सगळ्यात धाकट्या मुंगीची बहीण होती.

धाकटी पुढे आली. म्हणाली, "आजी, शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा मी लावून पाहिला. भाग जात नाही."

"मग पुढचे आकडे बघ की. शंभरावर दमलीस?"

"पुढच्या आकड्याने भाग गेला, तर उत्तर शंभराच्या आत येईल. आतलं सगळं तर तपासून झालंय. ही संख्या एकाने आणि स्वतःनेच भागली जाते. एकेकीला पान द्यायला पानं पुरणार नाहीत, आणि सगळ्यांना पेलेल असं पान नाही."

थोरल्या मुंग्या हसल्या. एकीने विचारलं, हिने अजून दोन पावसाळे तरी पाहिलेत का.

धाकटीने विनवलं, शंभर पानांवर शंभर-शंभर बसू, उरलेल्या सातजणी वेगळ्या पानावर येतील. हलकं पान काही उलटत नाही.

"सातांचं पान? आपल्यात असं कधी झालं नाही," थोरली म्हणाली, आणि तिने एकशे एकाने भागायला घेतलं.

दगडावरून हाक आली, पाणी पायाला लागतंय. धाकटी धावणार, तर तिला रांगेतच थांबवलं. रांग मोडली की मोजणी बिघडते.

थोरली एकशे सदतिसापाशी होती, तेव्हा लाट आली. दगड दिसेनासा झाला.

नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी झाली. दहा हजार. थोरलीचा चेहरा उजळला. शंभर पानं, शंभर-शंभर मुंग्या. सगळ्या निघाल्या.

"पाहिलंस पोरी? शेवटी भाग गेला."

"सातजणी बुडाल्या म्हणून गेला, आजी."

थोरलीने मागे पाहिलं. काठावर सात जणींचं पान रिकामंच डुलत होतं. पुढे तिने मोजणी कधीच केली नाही. तिला सातच्या पुढे मोजता येईना.

तात्पर्य: जिवंत माणसं नियमात बसत नसतील तर नियम बदलावा, माणसं कमी होण्याची वाट पाहू नये.