जानव्याची किल्ली

त्र्यंबकराव इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या जाडजूड शब्दकोशाच्या कपाटाची किल्ली कायम त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. नव्या सुनेला, वैजयंतीला, एम.ए.च्या परीक्षेसाठी तो कोश हवा होता. ती मागायला गेली की मामंजी आरामखुर्चीतून म्हणत, "प्रेझेंटली देतो हं!" आणि डोळे मिटून घेत. असा महिना सरला, परीक्षा दहा दिवसांवर आली.

रविवारी त्यांचे जुने सहकारी चहाला आले. वैजयंतीने कप ठेवले आणि सगळ्यांदेखत पुन्हा किल्ली मागितली.

मामंजी हसले. "तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी आमचा कोश चाळणार! बरं, माझ्या 'प्रेझेंटली'चा अर्थ आणि उगम सांग. चुकलीस तर पुन्हा मागायचं नाही."

वैजयंतीने पदर सावरला. "प्रेझेंट म्हणजे समोर हजर. त्यावरून हा शब्द आला. चार-पाचशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता 'ताबडतोब'. पुढे झाला 'थोड्या वेळाने'."

"बरोबर," एक पाहुणे म्हणाले, "पण अर्थ बदलला कसा?"

"लोक ताबडतोब देतो म्हणत राहिले, आणि खुर्चीतून उठलेच नाहीत."

हशा पिकला. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा सगळ्यांत मोठा. वैजयंतीने तळहात पुढे केला. "मामंजी, जुना अर्थ एकदा वापरून बघता का?"

त्र्यंबकराव उठले. जानव्याला बांधलेल्या किल्लीची गाठ सोडवता सोडवता पाहुण्यांना म्हणाले, "आमची सून आहे बरं का!"

हे मात्र त्यांनी ताबडतोब सांगितलं.