येसाक्काचा हात

ऐका तर. फार वर्षांपूर्वी आमच्या तांबसर गावात केरोबा गुरुजींनी दारोदार फिरून पुस्तकं जमवली आणि वाचनालय काढलं. पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं ते फस्त केलं. गुरुजींनी पुन्हा पुस्तकं जमवली, पुन्हा तेच. नुसते पुठ्ठे उरले, असं म्हणतात. शेवटी पंचांनी निर्वाणीचं सांगितलं, "गुरुजी, नवी इमारत बांधू. पण या खेपेला पुस्तकं गेली, तर वाचनालयाचं नाव काढायचं नाही."

गुरुजींनी नकाशा काढून चावडीत मांडला. ऐसपैस खोली आणि चारी भिंतींना चिकटून कपाटं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुपं द्यायला आलेली येसाक्का बुरडीण मात्र खो खो हसली. तिचा जन्म धान्याच्या कणग्या विणण्यात गेलेला. अक्षरओळख नव्हती, पण जीभ भारी तिखट.

"गुरुजी, कणगी कुनी भितीला टेकवतं का? मागं हात जात न्हाई, मग तितं किडीचंच राज्य! कपाटं मधी दगडावं हुबी करा. भिती वाचनाऱ्यांस्नी द्या, टेकायला."

"बुरडीण आता इमारती बांधणार!" पंच म्हणाले. पण गुरुजी म्हणजे दोनदा पोळलेला माणूस. त्यांनी नकाशा खोडला आणि ती म्हणाली तसा काढला.

इमारत झाली. गुरुजींनी तिसऱ्यांदा पुस्तकं जमवून कपाटांत कुलूपबंद केली. पावसाळाभर येसाक्का रोज यायची आणि प्रत्येक कपाटामागून हात फिरवायची. वाळवी भिंतीपर्यंत यायची आणि तिचा हात बघून माघारी वळायची, असं म्हणतात. मी काही बघायला नव्हतो, पण माझा विश्वास आहे.

दसऱ्याला गाव जमलं. गुरुजींनी किल्ली लावली. कपाट उघडलं, पुस्तक उघडलं, तर पानन् पान शाबूत! गुरुजी तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. गावानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की दारातल्या पिंपळाची पानं हलली, असं म्हणतात.

"किडकं न्हाई न्हवं?" येसाक्का भिंतीला टेकून बसली. "मंग वाचा की. मलाबी कळू द्या, काय राखलं त्ये."

गुरुजी दिवेलागणीपर्यंत वाचत राहिले.

आजही तांबसरच्या वाचनालयात एकही कपाट भिंतीला लागत नाही. मधल्या त्या जागेला येसाक्काचा हात म्हणतात. दसऱ्याला सगळ्यांत नवा सभासद प्रत्येक कपाटामागून हात फिरवतो आणि "किडकं न्हाई" असं ओरडून सांगतो. मग पहिलं पान मोठ्यानं वाचतो. तेवढा वेळ भिंतीशी एका माणसाची जागा मोकळी ठेवतात, तिला टेकायला.