म्हादबाचा तंदुरुस्त हात

म्हादबा न्हाव्याचा अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर झाला. या खेपेचं कारण असं होतं: "अंगठ्याचा ठसा फरकटला आहे. अर्जदाराने हात स्थिर धरून पुन्हा अर्ज करावा."

म्हादबाची सून अनशी हिने कचेरीच्या पायरीवरच्या लेखनिकाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला.

"मामंजी, हात थरथरतो म्हणून आपण शिधा मागतोय. हे म्हणतात, आधी थरथर थांबवा, मग मागा."

"त्यांचंही काही बरोबर असेल, पोरी," म्हादबा म्हणाला. "कचेरी आहे ती."

महाराज गजसेनांनी दवंडी पिटवली होती, की ज्याचा हात किंवा पाय कामातून गेला, त्याला सरकारी कोठारातून दरमहा धान्य मिळेल. दवंडी गावोगाव पोचली. धान्य मात्र कोठारातून हललं नाही. म्हादबाचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी कंपवाताने गेला आणि गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. मुलगा तापात गेलेला. अनशी लोकांच्या खळ्यावर राबायची, तेव्हा कुठे घरात दोघांत मिळून दीड भाकरी व्हायची.

पहिला अर्ज 'जखम दिसत नाही' म्हणून परत आला होता. दुसऱ्या वेळी सरकारी वैद्यांनी दारातूनच म्हादबाची बोटं मोजली आणि लिहिलं, "बोटे दहा. हात तंदुरुस्त, वस्तरा चालवण्यास योग्य." त्याखाली कारभारी अंतोजीरावांचा ठसठशीत शिक्का होता.

आता एकच वाट उरली होती. महाराजांपुढे दाद मागायची. तिथे नकार मिळाला, की शिध्याची आशा कायमची संपली.

बुधवारी सकाळी अनशी सासऱ्याला घेऊन दरबारात उभी राहिली.

"सात वर्षांत एकही दाद मंजूर झालेली नाही," महाराज समाधानाने म्हणाले. "यावरून कळतं, माझी कचेरी कधी चुकत नाही."

"किंवा दाद मागणारे दमतात, महाराज," अनशी म्हणाली.

महाराजांच्या भुवया वर गेल्या.

"जीभ चांगली चालते तुझी. मग नियम ऐक. दाद मागताना नवा पुरावा चालत नाही. नवा वैद्य नाही, साक्षीदार नाही, हात पुढे करून दाखवणंही नाही. दप्तरात जे लिहिलंय, त्यावरूनच काय ते सिद्ध कर."

"दप्तरात मामंजींचे तीन अंगठे आहेत. तिन्ही फरकटलेत."

"शाई पातळ होती," अंतोजीराव म्हणाले.

"तिन्ही वेळा?"

"कचेरीची शाई पातळच असते, बाई."

महाराजांनी मान डोलावली. "अंगठ्यांचं उत्तर मिळालं. पुढे?"

अनशीच्या ध्यानात आलं, आपण कागदाशी जितकं भांडू, तितका कागद मोठा होत जाईल. तिने पदर खोचला.

"पुढे काही नाही, महाराज. मला निकाल मान्य आहे."

"अं?" अंतोजीराव चपापले. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"हात तंदुरुस्त, वस्तरा चालवण्यास योग्य. खाली शिक्का आहे. म्हणजे खोट मामंजींच्या हातात नाही, गावाच्या मनात आहे. गाव शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही, त्याला आम्ही काय करणार? पण ज्यांनी शिक्का मारला, ते स्वतः एकदा मामंजींपुढे दाढीला बसले, तर गाव उद्यापासून रांग लावेल. मग शिधाही नको आम्हाला."

महाराज खुशीत आले. "मागणी रास्त आहे. बसा, अंतोजीराव."

"महाराज, मी मंगळवारी दाढी करत नाही."

"आज बुधवार आहे."

"म्हणजे... सकाळीच झाली माझी."

महाराजांनी त्यांच्या गालावरचे खुंट निरखले. "मग तुमच्या न्हाव्याचाही अर्ज घ्यायला हवा. बसा!"

कारभारी पाटावर बसले. म्हादबाने काखेतली हत्यारांची धोपटी सोडली. वाटीतलं पाणी दाढीला लावायला गेला, तर निम्मं कारभाऱ्यांच्या कानात गेलं आणि उरलेलं त्यांच्या जरीच्या उपरण्यावर. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजताना पट्ट्याचा एक तुकडा उडून प्रधानांच्या पायाशी पडला. प्रधानांनी पाय आखडून घेतले.

"हनुवटी वर करा, साहेब," म्हादबा अदबीने म्हणाला. दोन वर्षांनी गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याच्या आवाजात जुना रुबाब आला. "नरड्यापासून सुरुवात करतो. तिथे केस दाट आहेत."

वस्तरा वर आला. उन्हात त्याचं पातं असं लकाकत होतं, जसं वाऱ्यावरचं पिंपळपान. तो डाव्या कानाकडे गेला, तिथून नाकाकडे वळला आणि मग गळ्याशी येऊन थबकण्याचा प्रयत्न करू लागला.

"महाराज!" अंतोजीराव पाटासकट मागे कोलमडले. "याचा हात थरथरतोय! हा माणूस वस्तरा धरू शकत नाही! हा जन्मात कुणाची दाढी करू शकणार नाही!"

दरबारच्या लेखनिकाने सवयीने ते शब्द न् शब्द दप्तरात उतरवून घेतले.

महाराज अनशीकडे वळले. हसू आवरत दटावून म्हणाले, "मी सांगितलं होतं, नवा पुरावा चालणार नाही."

"मी कुठे आणला, महाराज? मी तर निकाल मान्य केला. ज्यांनी निकाल दिला, त्यांनाच तो मान्य नाही."

महाराज इतके हसले, की त्यांना मुकुट हाताने धरून ठेवावा लागला. मग त्यांनी हुकूम सोडला. म्हादबाला पहिल्या अर्जाच्या दिवसापासूनचा शिधा, बैलगाडीतून, घरपोच. अनशीला रेशमी लुगडं आणि दाद ऐकण्याच्या वेळी कारभाऱ्यांच्या शेजारी कायमचं आसन. आणि एक नवा नियम: कचेरी ज्याला तंदुरुस्त ठरवेल, त्याने आपलं पहिलं काम कारभाऱ्यांचंच करावं.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला उभा होता एका पायाने लंगडणारा, पालखी वाहणारा भोई. अंतोजीरावांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, खिडकीबाहेरच्या घाटाच्या उभ्या चढाकडे एकदा पाहिलं, आणि अर्ज न उघडताच मंजुरीचा शिक्का मारला.