वखारीचा काटा

तिसरी मेंढीही तराजूतून उडी मारून पळाली, आणि पळता पळता कोठावळ्यांची पगडी चिखलात पाडून गेली!

वाड्याच्या अंगणात हशा पिकला. सिदबा धनगर मात्र मान खाली घालून उभा होता. त्याची लेक धुरपा त्याच्याशेजारी पदर तोंडात धरून हसू दाबत होती. पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

राजे रणधवल यांचा शेळ्यामेंढ्यांचा कळप सिदबा वीस वर्षं राखत होता. आणि राजांना एकच नाद होता. जे ते तोलून बघायचं! मुदपाकखान्यात मिरचीसुद्धा तोलून जायची. कोठार सांभाळणाऱ्या कोठावळे भिकाजीपंतांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "सिदबा म्हातारा झाला महाराज, कोकरं वाळायला लागली." पंतांच्या मेव्हण्याला कळप हवा होता, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

"पंत म्हणतात वाळली, सिदबा म्हणतो बाळसं धरलंय!" राजे गरजले. "मला तोंडाच्या वाफा नकोत, वजन हवं! दोन महिन्यांचं कोकरू आठ शेर भरलं पाहिजे. दिवस मावळायच्या आत एक मेंढी आणि तिचं कोकरू तोलून दाखवा. पाय बांधायचे नाहीत, गेल्या साली बांधताना एका मेंढराची तंगडी मोडली. तोलताना कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं, तर कळप पंत म्हणतील त्याच्या हाती!"

"महाराज," सिदबा चाचरला, "मेंढरू ते, मोकळं सोडल्यावर तराजूत कसं उभं ऱ्हाईल?"

"ते तू बघ!"

धुरपा पुढे झाली. "म्हाराज, काटा आमी निवडला तर चालंल?"

"निवड की! कोठार उघडा रे!"

पंतांनी मोठ्या थाटात एकेक काटा दाखवला. सोनाराचा काटा पाहून धुरपा म्हणाली, "ह्यात मेंढीचा कानच मावंल!" पितळी पारड्यांचा, साखळ्यांचा, चकचकीत तराजू तर मघाशीच तीन मेंढ्यांनी नापास केला होता. कमरेइतक्या उंचीवर झुलणारं पारडं ते. मेंढीला वर चढवायचं म्हणजे धरणं आलं, आणि धरलं की ती बिथरणारच!

"सरपणाच्या वखारीत काटा हाय न्हवं?" धुरपाने विचारलं.

"तो?" पंत खो खो हसले. "दोन फळ्या आणि गंजक्या साखळ्या! त्यावर ओंडके तोलतात, पोरी!"

"म्हणूनच. त्याची फळी भुईला टेकती. मेंढीला चढायचं न्हाई, नुस्तं चालत यायचंय."

काटा अंगणात आणून टांगला. धुरपाने एका फळीवर सिदबाचं जुनं घोंगडं अंथरलं, त्यावर खडेमीठ ठेवलं. पंत लगेच ओरडले, "घोंगड्याचं आणि मिठाचंही वजन लागेल!"

"लागू द्या की!" म्हणत तिने दुसऱ्या फळीवर दगडांचा पासंग घातला. काटा सरळ उभा राहिला.

मेंढी आणि कोकरू पंतांनीच निवडलं, आणि कळपातलं सगळ्यात किरकोळ! मेंढी सोडली. मीठ दिसलं, ओळखीच्या घोंगड्याचा वास आला, ती आपल्या पायांनी फळीवर गेली आणि चाटत उभी राहिली. धुरपाने पलीकडे मापं हलक्या हाताने चढवली. फळी जेमतेम चार बोटं उचलली गेली, मेंढीला पत्तासुद्धा नाही!

"चौतीस शेर!" राजे पुढे झुकले. "आणि कोकरू? त्याला मिठाची काय गोडी?"

"त्याची गोडी फळीवरच हुबी हाय, म्हाराज. आबा, सोडा!"

सिदबाने कोकरू सोडलं. ते बें बें करत धावलं, फळीवर उडालं आणि आईच्या कासेला ढुशा देत लुचू लागलं. फळी पुन्हा भुईला टेकली. धुरपाने पलीकडे एकेक शेर टाकला. सहा... सात... आठ! काटा सरळ झाला. सिदबाने डोळे पुसले.

"थांबा!" पंत उडी मारून पुढे आले. "काटोकाट आठ! पण फळीवर त्याने पावशेर दूध तरी ढोसलं असेल. ते वजा करा. कोकरू पावणेआठ शेर. सिदबा हरला!"

राजांनी भुवया उंचावल्या. "पोरी, पंत म्हणतात ते खरं की!"

धुरपाने काट्याकडे पाहिलं. कोकरू अजून लुचत होतं, आणि काटा जागचा हलला नव्हता. तिचा चेहरा खुलला.

"पंत, दूध आलं कुठनं?"

"मेंढीच्या कासेतून. आणखी कुठून?"

"आन मेंढी कुठं हुबी हाय?"

"फळीवर."

"आन कोकरू?"

"फळीवरच! हे काय विचारणं झालं?"

"मग दूध फळीवरनं फळीवरच गेलं की! चौतीस शेरांत ते मोजून झालंय. कोकरानं बाहेरनं येताना आणलं ते आठ शेर." ती राजांकडे वळली. "आईच्या पदरचं लेकराच्या पोटात गेलं म्हणून घराचं वजन वाढत न्हाई, म्हाराज!"

राजे एवढे हसले की त्यांनाच ठसका लागला. तेवढ्यात मेंढीने घोंगड्यावर मूठभर लेंड्या टाकल्या.

"आणि ह्या गं?" राजांनी डोळे पुसत विचारलं.

"त्याबी फळीवरच हायत!"

"वाहवा! पंत, तेवढं घोंगडं झाडून द्या. सिदबा, कळप तुझाच. नदीकाठचं कुरण आजपासून तुझ्या मेंढरांना मोकळं. आणि पोरी, आजपासून राज्यात कुठलंही माप घ्यायचं, तर काटा तू निवडायचास!"